महाकाय प्राण्याच्या चित्रपटातील संदिग्ध जागांवर वाद कसा घालावा

शहर उद्ध्वस्त करणाऱ्या महाकाय प्राण्याच्या चित्रपटात तो प्राणी आला कोठून, अखेरीस मेला की नाही आणि पात्रांपैकी कोण वाचले, हे प्रश्न पुष्कळदा जाणूनबुजून अनुत्तरित ठेवलेले असतात. त्यांवर वाद घालण्यापूर्वी संबंधित प्रसंग थांबत थांबत पुन्हा पाहावा आणि कागदावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: प्रत्यक्ष काय दिसले किंवा ऐकू आले, आणि त्यावरून आपण काय ताडले.

या सरावासाठी मॅट रीव्हज यांचा 'क्लोव्हरफील्ड' (२००८) मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यातील सारे काही पात्रांच्या हातातील एकाच कॅमेऱ्यातून दिसते आणि कॅमेरा जेथे पोहोचत नाही तेथे प्रेक्षकही पोहोचत नाही. महाकाय प्राण्याच्या अंगावरून गळणाऱ्या लहान जीवांनी चावा घेतलेल्या मार्लीना या पात्राचा मृत्यू आपल्याला पडद्याआडची सावली आणि उडालेले रक्त एवढ्यानेच कळतो. चाव्यातून विष गेले की शरीरात काही वाढत होते, हे दोन्ही तर्कच आहेत. त्यांपैकी एकालाही 'चित्रपटात दाखवले आहे' असे म्हणता येणार नाही.

शेवटच्या दृश्याबाबत अधिक काटेकोर राहावे. हल्ल्याचे चित्रण ज्या टेपवर झाले, तिच्यावर आधीचे जुने चित्रण होते आणि त्याचे तुकडे अधूनमधून डोकावतात. अखेरचा तुकडा न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरील कोनी आयलंड येथील २७ एप्रिलचा असून त्यात दूरवर काहीतरी समुद्रात कोसळताना दिसते. हल्ला होतो तो २२ मे रोजी. प्राणी आकाशातून आला असे मानणाऱ्याने मधल्या पंचवीस दिवसांचा हिशेब द्यायला हवा, तर तो आधीपासूनच समुद्रात होता असे मानणाऱ्याने पडलेली वस्तू कोणती आणि ती मुद्दाम का दाखवली, हे सांगायला हवे. दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावावी: आपले स्पष्टीकरण पुरे करण्यासाठी पडद्यावर नसलेल्या किती गोष्टी पदरच्या घालाव्या लागतात?

निर्मात्यांच्या मुलाखती आणि प्रसिद्धीचे साहित्य यांचा रकाना निराळा ठेवावा. हा प्राणी एक घाबरलेले पिल्लू आहे, असे रीव्हज यांनी सांगितले आहे. त्या विधानाचे वजन मोठे आहे, परंतु चित्रपटातील एकही पात्र तसे म्हणत नाही. माझ्या मते अशा विधानाने वाद मिटत नाही. मात्र विरुद्ध मत मांडणाऱ्याने त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

समोरच्याने कोणती आवृत्ती पाहिली आहे, हे सुरुवातीलाच विचारावे. इशिरो होंडा यांच्या १९५४ च्या मूळ जपानी 'गॉडझिला'च्या शेवटी जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. यामाने हे पात्र म्हणते की हा शेवटचाच गॉडझिला होता असे त्यांना वाटत नाही, आणि अणुचाचण्या चालू राहिल्या तर जगात कोठेतरी दुसरा प्रकट होऊ शकेल. अमेरिकन अभिनेते रेमंड बर यांचे प्रसंग जोडून १९५६ मध्ये अमेरिकेत आणलेल्या आवृत्तीत हा इशारा नाही. त्यामुळे 'असे प्राणी आणखी असतील का?' यावर भांडणारे दोघे प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या चित्रपटांविषयी बोलत असू शकतात. सबटायटलवरही आंधळेपणाने विसंबू नये; जपानी नामावरून एकवचन की अनेकवचन हे सहसा कळत नाही आणि ती निवड भाषांतरकार करतो.

प्रत्येक विसंगती म्हणजे संकेत नव्हे. यामाने जुरासिक काळ सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात, तर प्रत्यक्षात तो सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी संपला. ही साधी चूक आहे आणि तिच्यावर तर्काचा डोलारा उभा करू नये.

'शिन गॉडझिला' (२०१६) च्या शेवटी गोठलेल्या प्राण्याच्या शेपटीच्या टोकाशी माणसासारख्या आकृती दिसतात आणि कोणीही काही बोलत नाही. प्राण्याची पुढची अवस्था म्हणजे या आकृती, या वाचनाला आधार आहे, कारण तो आधी अनेकदा रूप बदलतो आणि विभाजनाने त्याची संख्या वाढेल ही भीती पात्रेही व्यक्त करतात. या प्राण्याचा अभ्यास करणारे, चित्रपटाच्या सुरुवातीलाच बेपत्ता झालेले प्राध्यापक माकी यांच्याशी त्या आकृती जोडायच्या, तर हाताशी रिकामी नौका, मागे ठेवलेले बूट आणि एक चिठ्ठी एवढेच उरते. ते वाचन जरूर मांडावे, पण 'शेपटीतून माणसे बाहेर पडत आहेत' असे न लिहिता आधी 'माणसासारख्या आकृती दिसतात' एवढेच लिहावे, आणि तर्क कोठून सुरू होतो ते पुढच्या वाक्यात सांगावे.