ग्रीनला पाणी नको, वाफसा द्या : पावसाळ्यातील गोल्फ ग्रीनची निगा

आठवडाभर झड लागली की ग्रीन, म्हणजे गोल्फच्या होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पिवळसर दिसू लागते आणि पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. तो तिथेच थांबवा. जुलै-ऑगस्टमधला हा पिवळेपणा बहुतेक वेळा भुकेचा नसतो. मुळांना हवा मिळत नसते. अशा गवताला नत्र दिले की पान लुसलुशीत वाढते, मूळ आणखी आखडते आणि पुढच्या दमट रात्री बुरशी बसते.

मुंबई, पुणे, लोणावळा परिसरातील गोल्फ मैदानांवरचे माळी व सुपरवायझर, रिसॉर्टची हिरवळ सांभाळणारे आणि उरुळी कांचनच्या पट्ट्यात लॉनचे कार्पेट पिकवणारे शेतकरी, या सगळ्यांसाठी हा सल्ला आहे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून. पाऊस पूर्ण परतायला ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटतो. या काळात सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही होत नाही, पण ढग आणि दमटपणा तिथेही असतोच. गवताचे निम्मे नुकसान पाऊस करतो, तर निम्मे हे ढग.

हरळी मरते कशी?

आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर टिफड्वार्फ किंवा टिफईगलसारखे संकरित बर्म्युडा वाण असतात. शेताच्या बांधावरची आपली हरळी आणि आफ्रिकेतली बारीक पानांची हरळी यांच्या संकरातून हे घराणे अमेरिकेतल्या टिफ्टन येथे तयार झाले. त्याला रुजणारे बी धरत नाही, म्हणून काड्या लावूनच ते वाढवावे लागते. शेतकऱ्याला प्रश्न पडतो, की जी हरळी कुळव मारून, खुरपून, जाळूनही मरत नाही, ती ग्रीनवर एका पावसाळ्यात कशी विरळ होते?

कारण बांधावर तिला कोणी ३-४ मिलिमीटरवर रोज कापत नाही. हरळी उन्हाची पोर आहे. आंब्याच्या दाट सावलीत ती दिसत नाही, ते यामुळेच. पावसाळ्यात ऊन कमी, त्यात कापणी खोल, म्हणजे अन्न तयार करायला पानच उरत नाही. मग गवत मुळांतला साठा खाते. त्याच वेळी मातीतली पोकळी पाण्याने भरलेली असते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो, त्यामुळे मुळे गुदमरतात. ही दोन संकटे एकत्र आली की चिवट हरळीही हरते. म्हणून या हंगामातली सगळी कामे दोनच गोष्टींसाठी करायची आहेत : मातीत वाफसा यावा आणि पानाला उजेड मिळावा.

रोहिणी-मृगाच्या आधी

पावसाळ्याची खरी तयारी मे महिन्यात होते. आधी आपली ग्रीन कशाची आहे ते पाहा. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या, म्हणजे यूएसजीएच्या पद्धतीने बांधलेल्या ग्रीनमध्ये खाली सुमारे १० सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचे मिश्रण असते. अशी ग्रीन पाणी काही काळ धरून ठेवते आणि थर भरला की झपाट्याने सोडते. जुन्या मैदानांवर मात्र मुरूम आणि काळी माती उचलून उंचवटा केलेल्या ग्रीन अजून आहेत. त्यांचा निचरा पृष्ठभागाच्या उतारावरच होतो. अशा ग्रीनवर एक खळगा राहिला, तर पावसाळाभर तिथे डबके साचेल. तो मे महिन्यातच भरून घ्या.

निचऱ्याच्या पाइपांची तोंडे शोधा, त्यात वाढलेली मुळे आणि गाळ काढा. मग ग्रीनवर टँकरचे किंवा पाइपचे पाणी सोडून पाइपाच्या तोंडाशी उभे राहा. पाणी येईपर्यंत तिथून हलू नका. वर गालिचा उत्तम आणि खाली पाइप बंद, असे अनेक ठिकाणी असते आणि ते पहिल्या मोठ्या पावसातच कळते.

मातीच्या गुल्ल्या काढणारे कोरिंगही याच महिन्यात उरका. १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या पोकळ दात्यांनी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. भोके वाळूने काठोकाठ भरा. अर्धवट भरलेले भोक पावसात बुजते आणि केलेली मेहनत वाया जाते.

वाळूच्या बाबतीत मात्र हट्टी राहा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि क्रशरची वाळू सर्रास येते. तिच्यातली दगडाची भुकटी ग्रीनचा निचरा बंद पाडते. दाणा मुख्यतः पाव ते एक मिलिमीटरचा हवा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू घ्या, पाण्याने भरा, जोरात हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. वाळूवर गाळाचा स्पष्ट थर बसला, तर तो ट्रक परत पाठवा. स्वस्त वाळूने बिघडलेली ग्रीन दुरुस्त करायला अख्खा थर उपसावा लागतो.

ग्रीनच्या पूर्वेकडची झाडे पाहून घ्या. सकाळचे ऊन अडवणाऱ्या फांद्या विरळ केल्या तर पान लवकर सुकते. शहरी हद्दीत फांद्या छाटण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करा.

कापणी वर घ्या

टिफड्वार्फ उन्हाळ्यात ४ मिलिमीटरवर ठेवत असाल तर पाऊस लागण्याआधीच टप्प्याटप्प्याने ५ वर न्या. टिफईगल ३ वर असेल तर साडेतीन-चारवर. एवढ्याने चेंडूचा वेग थोडा कमी होतो, पण गवताला पान मिळते. खेळाडू कुरकुरतील. त्यांना सांगा, की जुलैमधली अर्धा-एक मिलिमीटर जास्तीची उंची म्हणजे दिवाळीतली चांगली ग्रीन.

सकाळी ग्रीनवर पाऊल ठेवा. टाचेभोवती पाणी वर आले तर त्या दिवशी मोवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, आत नेऊ नका. एक दिवस न कापल्याने गवताचे काही जात नाही, पण भिजलेल्या वाळूवर मोवरची चाके दाब देतात आणि राहिलेली हवाही बाहेर काढतात. कापणी करायची तेव्हा बसून चालवायच्या जड मशिनऐवजी मागून चालत ढकलायचा हलका मोवर वापरा. कडेची गोल फेरी रोज मारू नका. तिथे मशिन वळते आणि गवत चिरडते, म्हणून सगळ्यात आधी तीच कडा उघडी पडते. पाती धारदार हवीत. बोथट पात्याने फाटलेले पान बुरशीला दार उघडून देते.

होल दररोज हलवा आणि पाणी उताराने वाहून जाते त्या उंच बाजूला ठेवा. आणि ग्रीन बंद ठेवायची की नाही, हा निर्णय मैदान सांभाळणाऱ्याकडे असू द्या, स्पर्धेच्या वेळापत्रकाकडे नको. चिखलात खेळलेल्या एका रविवारचे वळ सप्टेंबरपर्यंत दिसतात. क्लबच्या समितीने हे पावसाळ्यापूर्वीच लेखी ठरवून दिले, तर माळ्याला कोणाशी वाद घालावा लागत नाही.

श्रावणातले ऊन

सगळ्यात मोठा धोका आषाढातल्या झडीपेक्षा श्रावणात असतो. सर येते, ग्रीन भरते आणि लगेच कडक ऊन पडते. माती पाण्याने तुडुंब, पण हवेअभावी मुळे पाणी उचलू शकत नाहीत. पान मात्र उन्हात पाणी सोडत राहते. गवत निळसर-राखाडी होते, पावलांचे ठसे तसेच राहतात. पाहणाऱ्याला वाटते, गवत तहानले आहे. कोणीतरी स्प्रिंकलर सुरू करतो आणि उरलेले गवतही जाते.

अशा वेळी आधी मातीचा नमुना काढा. मुठीत दाबल्यावर पाणी सुटले तर स्प्रिंकलरला हात लावू नका. हवे तर दुपारी पानावर फक्त बारीक फवारा द्या, पान थंड व्हावे एवढाच. तो मातीत उतरता कामा नये. स्प्रिंकलरचे आपोआप चालणारे टायमर जूनमध्येच बंद करून ठेवा. साचलेले पाणी रबरी वायपरने ऊन निघण्याआधी ओढून काढा. उथळ डबक्यातले पाणी उन्हाने तापते आणि त्याखालचे गवत काही तासांत भाजून निघते.

उघडीप मिळाली आणि पृष्ठभाग थोडा आवळला, की ६ ते ८ मिलिमीटरच्या भरीव, सुईसारख्या दात्यांनी भोके पाडा. पोकळ दाते या दिवसांत नकोत. भरीव दात्याने पृष्ठभाग फारसा विस्कटत नाही, दुसऱ्या दिवशी खेळही होतो आणि मुळांपर्यंत हवा जाते. दर दोन-तीन आठवड्यांनी हे एक काम नीट केले, तर औषधांचा निम्मा खर्च टळतो असे माझे ठाम मत आहे. नमुना काढताना सडक्या अंड्यासारखा वास आला आणि मातीत काळी रेघ दिसली, तर समजा की तिथे प्राणवायू पूर्ण संपला आहे. त्या भागात गंधकयुक्त खते थांबवा आणि भोके वाढवा.

रोग ओळखा, मग औषध

रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर आणि पान तासन्‌तास ओले असले की पिथियम हा बुरशीसारखा रोग येतो. गवत तेलकट, काळपट दिसते, पहाटे त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी असते. डाग पाणी वाहते त्या रेषेत किंवा मोवर गेला त्या पट्ट्यात लांबत जातात. असा डाग दिसला तर ती ग्रीन सुकेपर्यंत कापू नका आणि मशिन धुतल्याशिवाय पुढच्या ग्रीनवर नेऊ नका. हा रोग एका रात्रीत पसरतो, म्हणून पहाटेची फेरी चुकवू नका.

दुसरा रोग गुपचूप येतो. दीर्घ ढगाळ काळानंतर ग्रीनच्या कडेकडून वेडेवाकडे पिवळे पट्टे आत सरकतात. खालची पाने आधी पिवळी पडतात. उपटून पाहिले तर मुळे आखूड आणि काळी. बर्म्युडाची ही मूळकूज दिसू लागल्यावर औषध फारसे काही करत नाही. कापणी वर घेणे, भोके पाडणे आणि वाळूचा हलका थर देणे हेच उपाय. नाण्याएवढे पांढुरके ठिपके पडणारा डॉलर स्पॉट मात्र उपाशी गवतावर जास्त येतो. तिथे थोडे नत्र दिले की तो आवरतो. म्हणूनच रोग ओळखल्याशिवाय खताचा आणि औषधाचा निर्णय घेऊ नका.

ओळख पटत नसेल तर डागाच्या कडेचा, अर्धा निरोगी अर्धा रोगट असा, मुळांसकट १० सेंटिमीटरचा तुकडा कागदात गुंडाळून पुण्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना पाठवला, तर वाटेतच दुसरी बुरशी चढते.

पिथियमसाठी मेटालॅक्झिल गटाची औषधे चालतात, पण तेच तेच मारले की बुरशी लवकर दाद देईनाशी होते. म्हणून गट बदला. मध्ये ॲझॉक्सिस्ट्रोबिन किंवा पोटॅशियम फॉस्फोनेट घ्या. लेबलवर हिरवळीसाठी शिफारस आहे का, मात्रा किती आणि फवारणीनंतर किती वेळ पाऊस नको, हे वाचूनच टाकी भरा. हातमोजे आणि मास्क लावूनच फवारणी करा. पान सुकल्याखेरीज खेळाडूंना आत सोडू नका.

रोज पहाटे लांब बांबूने किंवा दोराने ग्रीनवरचे दव झाडण्याची जुनी पद्धत सोडू नका. पान दोन तास आधी सुकते आणि त्याला एक रुपयाही पडत नाही.

विरळ जागी काळपट-हिरवे शेवाळ धरले तर उघडीप पाहून ते खरवडा आणि वर कोरड्या वाळूचा पातळ थर द्या. गवत पुन्हा दाटले, की शेवाळ आपोआप हटते.

खत चमच्याने

१०० चौरस मीटरला आठवड्याला २५ ते ५० ग्रॅम नत्र पुरे. अमोनियम सल्फेटच्या रूपात ते साधारण १२० ते २४० ग्रॅम होते. मातीत काळी रेघ असलेल्या ग्रीनवर मात्र गंधक नसलेले खत निवडा. पाण्यात विरघळवून पानावर द्या. दाणेदार खताचा मोठा हप्ता मुसळधार पावसात वाहून शेजारच्या तळ्यात जातो. पालाश नत्राच्या बरोबरीने द्या. रंग हवा असेल तर १०० चौरस मीटरला ३० ते ६० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा. गवत न वाढता हिरवे दिसते. सिमेंटच्या वाटेवर ते उडू देऊ नका, डाग निघत नाहीत.

हुमणी आणि लष्करी अळी

वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करा, प्रकाश सापळे लावा. अळी मुळांशी पोहोचल्यावर उपाय महाग पडतो. मेटारायझियम बुरशी ओलाव्यात चांगली काम करते, ती जून-जुलैत द्या. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी टोचत असतील, तर तिथे अळी आहे असे धरा. ५ लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा द्रव साबण मिसळून एक चौरस मीटरवर ओता. लष्करी अळ्या काही मिनिटांत वर येतात. हुमणी मात्र अशी वर येत नाही, तिच्यासाठी गवताचा तुकडा उचलून पाहावा लागतो. गांडुळांवर औषध टाकू नका. त्यांच्या मातीच्या गोळ्या सुकल्यावर झाडूने पसरवा.

लॉन पिकवणाऱ्यांसाठी

काळ्या मातीत वाढवलेले कार्पेट वाळूच्या ग्रीनवर थेट घालायला देऊ नका. चिकण मातीचा तो पातळ थर वाळूवर झाकणासारखा बसतो आणि पाणी खाली उतरत नाही. ग्राहकाला हे स्पष्ट सांगा आणि मुळांवरची माती धुऊन, किंवा काड्यांच्या रूपात माल द्या. पावसात ओले कार्पेट गुंडाळून रचले, तर ते आतून तापते. म्हणून उघडिपीत काढा आणि एका दिवसात पोहोचेल एवढेच काढा. पुढच्या वर्षी गोल्फसाठी माल करायचा असेल, तर उंच वाफ्यावर वाळूत लागवड करा.

परतीचा पाऊस थांबला आणि ऑक्टोबरची हीट सुरू झाली, की कापणीची उंची एकदम खाली आणू नका. आधी कोरिंग, वाळू आणि नत्राचा पहिला पूर्ण हप्ता द्या. नवी पांढरी मुळे ७-८ सेंटिमीटर खोल गेलेली नमुन्यात दिसली, की दर आठवड्याला पाव मिलिमीटर याप्रमाणे उंची कमी करा.