सत्तांतरामागे ‘परकीय हात’ होता का, हे कसे तपासावे

परदेशात एखादे सरकार कोसळल्याची बातमी आली की आमच्या परभणीच्या अभ्यासिकेबाहेर चहा संपायच्या आत निकाल लागलेला असतो : ‘हे सगळं बाहेरून घडवलेलं आहे.’ दावा पुष्कळदा खरा निघतो, पण तो तपासण्याची एक रीत आहे.

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे परदेशाने आणि उजवीकडे देशातल्या पक्षांनी, लोकांनी व सैन्याने काय केले, ते तारखेनिशी लिहावे. सुरुवात इराणपासून करावी. तिथले पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातील तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, ब्रिटनने तेलविक्रीची कोंडी केली आणि पुढे ब्रिटिश व अमेरिकी गुप्तचर संस्थांनी मिळून त्यांना हटवण्याचा बेत आखला. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्री मात्र मोसद्देक यांच्या बडतर्फीचे, इराणचे राजे शाह यांचे फर्मान घेऊन गेलेला कर्नलच पकडला गेला आणि शाह बगदादमार्गे रोमला निघून गेले. १९ ऑगस्टला जमाव रस्त्यावर आला, सैन्याच्या तुकड्या त्याला मिळाल्या आणि सरकार पडले. डाव रचला होता तो या परकीय गुप्तचर संस्थांनीच. तरी चार दिवसांत पारडे का फिरले, याचे उत्तर डाव्या रकान्यात पुरते सापडत नाही. उजवीकडे मोसद्देक यांच्यापासून आधीच दुरावलेले धर्मगुरू आयातुल्ला काशानी आहेत आणि बाजू बदललेले सैन्यही आहे.

मग पुरावा कोणाच्या तोंडचा आहे ते पाहावे. खुर्ची डळमळू लागलेल्या राज्यकर्त्याने परकीय हाताचे नाव घेणे हा पुरावा नव्हे. आरोपीच्याच दप्तरातून निघालेला कागद मात्र वजनदार असतो. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची इराणमधील भूमिका मान्य करणारे तिचेच कागद २०१३ मध्ये खुले झाले, तर चिलीतील अमेरिकेच्या गुप्त कारवायांचा अहवाल अमेरिकी सिनेटच्या समितीने १९७५ मध्येच दिला. असा कागद हाती येईपर्यंत वहीत ‘शक्यता’ एवढेच लिहावे.

परकीय हात सरकार पाडतो तसा तारतोही, हे फसलेल्या क्रांत्यांबाबत हमखास विसरले जाते. हंगेरीत ४ नोव्हेंबर १९५६ रोजी सोव्हिएत रणगाडे आणि बहारीनमध्ये मार्च २०११ मध्ये सौदी फौजा उघडउघड आल्या. इजिप्तची नोंद अवघड आहे : ३ जुलै २०१३ रोजी सैन्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवल्यावर काही दिवसांतच सौदी अरेबिया, अमिरात व कुवेत यांनी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, पण मागाहून आलेल्या पैशाने आधीचा कट सिद्ध होत नाही.

सरावाला घरचेच प्रकरण घ्यावे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रार केली, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या ‘पोलीस ॲक्शन’ची नोंद डाव्या रकान्यात करताना मराठवाड्याच्या माणसाचा हात थोडा अडखळेल, पण ती तिथेच करावी. उजवीकडे स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, स्वातंत्र्यसैनिकांची सरहद्दीवरची शिबिरे आणि त्यांनी उमरी बँकेवर घातलेला छापा लिहावा. मग जवळच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन तिथल्या नावांपैकी किती जण १३ सप्टेंबरच्या आधीच गेले होते, ते गावातल्या जाणत्यांना विचारून मोजावे.