नेटवर्क नसताना डिलिव्हरी अ‍ॅप: माझा अनुभव

नाशिकहून पेठकडे पार्सल पोहोचवताना सावळघाटाच्या परिसरात मोबाइलचे नेटवर्क वारंवार जात असे आणि ‘डिलिव्हर्ड’ म्हणून केलेली नोंद अ‍ॅपमध्ये नुसती अडकून राही. आमच्या अ‍ॅपमध्ये ही नोंद, ग्राहकाची सही आणि छायाचित्र आधी फोनमध्ये साठते व नेटवर्क आल्यावर सर्व्हरकडे जाते. परंतु बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालू असलेले अ‍ॅप बंद करत असल्यामुळे, रेंज आली तरी काहीच पुढे सरकत नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरते बॅटरीचे बंधन काढले व बॅकग्राउंड डेटाला परवानगी दिली, तेव्हा पंचवटीत परतेपर्यंत साऱ्या नोंदी आपोआप पोहोचल्या. मदतकक्षाने सुचवलेला ‘अ‍ॅप काढून पुन्हा टाका’ हा उपाय अशा वेळी घातकच, कारण न पाठवलेल्या नोंदीही त्याबरोबर पुसल्या जाऊ शकतात.

जीपीएस उपग्रहांकडून थेट संकेत घेते, त्याला इंटरनेट लागत नाही. ते लागते नकाशासाठी. म्हणून गूगल मॅप्समधील पेठ-हरसूल परिसराचा ऑफलाइन नकाशा निघण्यापूर्वीच वाय-फायवर उतरवून ठेवतो. त्यात वाहतुकीची ताजी स्थिती दिसत नाही, पण या रस्त्यावर तिची गरजही क्वचितच पडते.