अंगणात कोंबड्या, परसात भाजी: या चुका टाळा

कोंबड्या आणि भाजीपाला एकाच आवारात असला की एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी येतं. विष्ठेचं खत होतं, किडलेला पाला कोंबड्या फस्त करतात. पण ही देवाणघेवाण वेळ पाळून करावी लागते. बहुतेक नुकसान घाईनं होतं. खत कच्चं असताना वाफ्यात जातं, रोपं कोवळी असतानाच कोंबड्या मोकळ्या सुटतात, नवा पक्षी आणल्या दिवशीच जुन्यांत मिसळला जातो.

ताजी विष्ठा थेट वाफ्यात

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल. ते कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं करपतात. मातीत ओल असूनही रोप मान टाकतं, पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. मोठी झाडं तगतात, पण नुसती पाल्याला वाढतात. मिरची, टोमॅटो हिरवेगार दिसतात, फूल मात्र धरत नाहीत, आणि त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढतो. मग माव्यावर फवारणी सुरू होते, पण दुखणं खतात असतं. अशा वेळी आधी खत थांबवा आणि शेंडे साध्या पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा.

दुसरा धोका माणसांना आहे. ताज्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत किंवा विष्ठा मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत नाही, त्याला ९० दिवस. पालेभाजी तर महिना-दीड महिन्यात काढायला येते. म्हणजे उभ्या पालेभाजीला कच्ची विष्ठा हा पर्यायच नाही.

ती कुजवूनच घाला. विष्ठेत नत्र भरपूर आणि कर्ब कमी असतो, म्हणून एका पाटीला दोन-तीन पाट्या वाळका पालापाचोळा किंवा काड मिसळा. ढीग निदान कमरेएवढा उंच आणि तितकाच रुंद हवा, लहान ढीग तापत नाही. आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. लोखंडी सळई ढिगात मधोमध खुपसून ठेवा आणि थोड्या वेळानं काढून हात लावून पाहा. चटका बसला तर काम चालू आहे. नाकाडोळ्यांना झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला आहे. कुजकट, नासका वास आला तर पाणी जास्त झालंय, हवा पोचत नाही. ढीग पलटा, कोरडं मिसळा. वासही नाही आणि ऊबही नाही, तर बहुधा ढीग कोरडा पडलाय. मूठभर घेऊन दाबल्यावर तळहात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. पलटताना कडेचा थर आत घ्या, नाहीतर तो कच्चाच राहतो. शेवटी थोड्या खतात मुळ्याचे दाणे पेरून पाहा. ते नीट उगवले तर खत वाफ्यात घालायला हरकत नाही.

कोंबड्या वाफ्यात सोडण्याची वेळ चुकणे

कोंबडी कीड आणि गांडूळ यांत फरक करत नाही, आणि भुसभुशीत वाफा दिसला की धुळीत लोळणारच. म्हणून रोपं उभी असताना जाळीचं कुंपण हवंच. त्यांना आत सोडायची खरी वेळ पीक निघाल्यावरची. तेव्हा त्या मातीतले किडींचे कोष आणि तणाचं बी वेचतात. मात्र त्यांची विष्ठाही तिथेच पडते, तेव्हा वरचा दिवसांचा हिशेब इथेही लागतो. त्या वाफ्यात पुढचं पीक मांडवावर चढणारं घ्यावं, असं माझं मत आहे.

फवारलेल्या भाजीचा पाला कोंबड्यांना घालू नका, औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. औषध चोळलेलं उरलेलं बी, हिरवे पडलेले बटाटे आणि बुरशी लागलेलं धान्यही दूर ठेवा.

अंडी घटली की लगेच औषध

आधी पाणी पाहा. उन्हाळ्यात काही तास भांडं कोरडं राहिलं तरी अंड्यांवर परिणाम होतो. मग दिवसाची लांबी. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, त्यामुळे दिवस लहान झाले की अंडी आपोआप कमी होतात. पिसं झडत असतील तर तो विश्रांतीचा काळ आहे. एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल, किंवा झुडपात लपून घालत असेल.

यांतलं काहीच नसेल तर खाद्याकडे वळा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते आणि त्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत. प्रेमानं टाकलेली कणी आणि भाजीचा पाला यांनीच पोट भरलं तर ही मात्रा पातळ होते. सकाळी मुख्य खाद्य, आणि कणी-पाला दुपारनंतर थोडाच. कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच मुख्यतः रात्री बनतं, म्हणून संध्याकाळी तो भरलेला असावा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, देऊ नका, जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं.

थंडीच्या भीतीनं खुराडं बंद करणे

पिसांमुळे मोठ्या कोंबडीला थंडी सोसते. ओल आणि अमोनिया सोसत नाही. खुराड्यात वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर बसण्याच्या दांडीच्या वर झरोके ठेवा आणि ओली गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा-काड, काढून टाका. ओल्या गादीत पिल्लांना रक्ती हगवण होते, विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. कोंबड्या रात्री अस्वस्थ असतील, तुरे फिके पडले असतील तर अंधारात बॅटरी घेऊन दांडीच्या खाचा तपासा. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा तिथेच दडून बसतात.

नवे पक्षी थेट कळपात

निदान तीन आठवडे वेगळे ठेवा. भांडी वेगळी, आणि त्यांचं काम जुन्यांचं आटोपल्यावर. एकाएकी दोन-चार पक्षी मेले, माना वाकड्या झाल्या किंवा श्वास घेताना घरघर सुरू झाली तर पक्षी कापू नका, उरलेले विकू नका, वाटू नका. विष्ठा आणि गादी भाजीच्या वाफ्याकडे नेणं तिथल्या तिथे थांबवा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा.