एलटीओ टेप वाचत नाही? मग या चुका टाळा

बॅकअपची एलटीओ टेप (संगणकाचा डेटा साठवणारी, कार्ट्रिजमधली चुंबकीय फीत) एरर देऊ लागते तेव्हा डेटा बहुतेक वेळा टेपवर शाबूत असतो. तो जातो पुढच्या तासाभरात, घाईघाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून काहीही करण्याआधी कार्ट्रिजवरची लहान सरकपट्टी कुलुपाच्या बाजूला सरकवा. पट्टी तिथे असली की ड्राइव्ह (टेप वाचणारे-लिहिणारे यंत्र) त्या टेपवर काहीच लिहू शकत नाही.

तीच टेप पुन्हा पुन्हा घालून पाहणे

टेप एका ड्राइव्हमध्ये चालली नाही की लोक ती दुसऱ्यात घालतात, मग तिसऱ्यात. टेपची कड चुरगळलेली असेल किंवा तिच्यावर घाण असेल, तर ती ड्राइव्हच्या हेडवर (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर) चिकटते आणि त्याच ड्राइव्हमध्ये नंतर गेलेल्या चांगल्या टेपाही ओरखडतात. आधी कार्ट्रिज हातात घेऊन नीट पाहा. बाजूचे दार बोटाने उघडले की आत लीडर पिन (टेपच्या टोकाची, ड्राइव्ह पकडतो ती पिन) सरळ बसलेली दिसायला हवी. पिन तिरकी असेल, निसटली असेल, किंवा कार्ट्रिज खाली पडल्यावर आतून खडखड येत असेल, तर ते ड्राइव्हमध्ये घालूच नका.

कार्ट्रिज ठीक दिसत असेल तर संशय आधी ड्राइव्हवर घ्या. क्लीनिंग कार्ट्रिज एकदा फिरवा, मग एखाद्या कोऱ्या टेपवर थोडा डेटा लिहून परत वाचून पाहा. हे जमले तरच मूळ टेप आत घाला. टेप दुसऱ्या शहरातून किंवा थंड खोलीतून आली असेल, तर ती आधी २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत ठेवा.

पिढीही तपासा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचतात, पण एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो. त्यामुळे ‘मेलेली’ एलटीओ-६ टेप अनेकदा ठणठणीत असते, फक्त समोरचा ड्राइव्ह एलटीओ-८ असतो.

चुकून लिहिल्यावर ‘बघू काय उरलंय’ म्हणून आणखी लिहिणे

लिनक्सवर ‘एसटी०’ (st0) आणि ‘एनएसटी०’ (nst0) ही एकाच टेप ड्राइव्हची दोन नावे. त्यांच्यातला फरक एका अक्षराचा, पण नुकसान मोठे. ‘एसटी०’ प्रत्येक कामानंतर टेप सुरुवातीला गुंडाळते, त्यामुळे दुसरा टार (अनेक फाइलींचा एकत्र संग्रह) पहिल्यावरच लिहिला जातो. तसे झाले तरी सगळे संपलेले नसते. एलटीओ-६ टेप ८४६ मीटर लांब असते आणि डेटा तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत १३६ फेऱ्यांत लिहिला जातो. २.५ टीबी भागिले १३६, म्हणजे एका फेरीत साधारण १८ जीबी. चुकून ४० जीबी लिहिले गेले तर दोन-अडीच फेऱ्या गेल्या, बाकीच्या टेपवर जुना डेटा तसाच आहे.

अडचण अशी की नवीन लेखनाच्या शेवटी ‘डेटा संपला’ अशी खूण पडते आणि साधा ड्राइव्ह तिच्यापुढे जायला नकार देतो. ती ओलांडायला बदललेल्या फर्मवेअरचे (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) ड्राइव्ह असलेली डेटा रिकव्हरी प्रयोगशाळाच लागते. चूक लक्षात आली त्या क्षणी टेप बाहेर काढा. आणि ‘एमटी’ या टेप हाताळणाऱ्या प्रोग्रामची ‘एमटी इरेज’ ही आज्ञा चाचणीसाठीसुद्धा देऊ नका. ती पूर्ण टेप पुसते, तासन्‌तास चालते आणि सहसा मध्येच थांबवता येत नाही.

ब्लॉकचा आकार न पाहता डीडी चालवणे

डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने टेप वाचताना ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’ अशी एरर आली की लोक सर्व्हरची रॅम तपासू लागतात. इथे तिचा अर्थ वेगळा आहे: टेपवरचा ब्लॉक (एका वेळी लिहिला गेलेला डेटाचा तुकडा) तुम्ही मागितलेल्या आकारापेक्षा मोठा आहे. आधी ‘एमटी सेटबीएलके ०’ द्या (ब्लॉकचा आकार ठरलेला नाही, असे ती ड्राइव्हला सांगते), मग डीडीने १ एमबी आकाराचा एकच ब्लॉक फाइलमध्ये उतरवा. त्या फाइलचा आकार हाच टेपवरच्या ब्लॉकचा आकार. टारच्या नेहमीच्या सेटिंगला तो १०,२४० बाइट असतो, बॅकअप सॉफ्टवेअरचा बहुधा ६५,५३६ किंवा २,६२,१४४.

यातली सगळ्यात घातक सवय म्हणजे हार्ड डिस्कसाठी शिकलेले ‘नोएरर, सिंक’ टेपलाही लावणे. ‘सिंक’ प्रत्येक अपुरा ब्लॉक शून्यांनी भरून काढते. ६४ केबीचे ब्लॉक १ एमबीने वाचले तर प्रत्येकामागे ९६० केबी शून्ये घुसतात. कॉपी ‘यशस्वी’ होते, पण आतला संग्रह उघडत नाही.

मधेच खराब जागा लागली तर तिथे ठाण मांडू नका. ड्राइव्हने एरर दाखवली, म्हणजे त्याने ती जागा पुढेमागे करून अनेकदा वाचून पाहिलेली असते. ‘एमटी टेल’ने ब्लॉक क्रमांक लिहून ठेवा, ‘एमटी सीक’ने काहीशे ब्लॉक पुढे जा आणि तिथून वाचा. चांगला भाग सगळा उतरवून घ्या, खराब जागेकडे शेवटी वळा.

एलटीएफएस टेपवर (जी डिस्कसारखी फाइली-फोल्डरांत दिसते) ‘एलटीएफएससीके’ (ltfsck) या तपासणी-आज्ञेचे डीप रिकव्हरी हे शेवटचे अस्त्र समजा. ते टेपवर लिहिते, आणि काही ब्लॉक पुसलेही जाऊ शकतात. त्याआधी रोलबॅक पॉइंटची (टेपवरच्या जुन्या अनुक्रमणिकांची) यादी मागून पाहा, जुनी अनुक्रमणिका शाबूत सापडू शकते.

ओली टेप वाळवणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. तसे पाणी सर्व्हर रूममध्ये शिरले तर हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा हे सगळे विसरा. वाळताना चिखल टेपच्या थरांमध्ये घट्ट बसतो आणि थर एकमेकांना चिकटतात. कार्ट्रिज ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना करा.

अर्धवट माहितीसह टेप पाठवणे

तुटलेली टेप चिकटपट्टीने जोडू नका आणि ड्राइव्हमध्ये अडकलेली ओढून काढू नका, ड्राइव्हसकट पाठवा. सोबत बॅकअप सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, ब्लॉकचा आकार, बारकोड आणि त्या संचातल्या सगळ्या टेपा द्या. एक बॅकअप तीन टेपांवर पसरला असेल तर एकटी दुसरी टेप फारशी कामाची नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एईएस-२५६ एन्क्रिप्शन येते. ते सुरू होते का हे आधी शोधा आणि किल्ली हाती असेल तरच खर्चाला हो म्हणा. किल्ली टेपसोबत एकाच खोक्यात पाठवू नका.