उन्हाळी हंगामी फुलझाडे : रोपे जगवण्याचे खरे काम

एप्रिल-मेच्या उन्हात बागेत रंग हवा असेल, तर झिनिया, गलांडा, पिवळा-नारिंगी कॉसमॉस आणि बटणफूल यांचे बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरावे. पॅन्सी ही थंडीची आहे. रोपवाटिकेत ती फेब्रुवारीत कितीही बहरलेली दिसली, तरी उन्हाळ्यासाठी घेऊ नये. कॉसमॉसचे बी थेट वाफ्यात टाकावे आणि त्याला खत बेतानेच द्यावे, नाहीतर नुसता पाला माजतो.

बी उगवणे अवघड नसते. झिनिया तर आठवड्याभरातच वर येते. अवघड असतात ते त्यानंतरचे दोन आठवडे, कारण याच काळात रोपे कोलमडतात. मातीलगतचे खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखे बारीक होते आणि पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. पाणी कमी पडले असे समजून बहुतेक जण अशा वेळी आणखी पाणी घालतात, आणि उरलेली रोपेही त्यामुळेच जातात. हा मातीतल्या बुरशीचा रोग आहे आणि सततची ओल त्याला पोसते. आडवे पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते भोवतालच्या मातीसकट काढून टाकावे.

म्हणून ‘रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी द्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मी घातक मानतो. बागेतली जुनी माती न वापरता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत यांच्या मिश्रणात, त्यात थोडा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून, बी विरळ पेरावे. तळाला भोके असलेला ट्रे पाण्याच्या पसरट ताटात ठेवावा, वरचा थर ओलसर झाला की लगेच उचलावा, आणि तो थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. रोपे सावलीत कोंडून ठेवणेही तितकेच चुकीचे आहे, कारण तिथे ती लांबुडकी आणि नाजूक होतात. उगवण दिसताच त्यांना सकाळचे कोवळे ऊन आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे.

चार ते सहा पाने आली की संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न फोडता, सुमारे 30 सेंटीमीटर अंतरावर लागवड करावी. झिनियाचा शेंडा एकदा खुडावा. पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. सुकलेली फुले देठासकट काढत राहावे, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात.