मनात घोळणारं वाक्य कसं तपासावं

यासाठी एक साधी वही लागते आणि संध्याकाळची थोडी निवांत वेळ. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी पालथा घातलेला फोनसुद्धा लक्ष ओढत राहतो.

मनात जे वाक्य घोळतंय ते जसंच्या तसं वहीत उतरवा. ‘काळजी वाटतेय’ असं मोघम नको. मी पुण्यात नारायण पेठेत राहते, नदी जवळच. पावसाळ्यात माझं वाक्य बहुतेक असं असतं: ‘खडकवासला धरणातून विसर्ग वाढवलाय, भिडे पूल पाण्याखाली गेला, आता पाणी घरात शिरणार.’ त्याचे आधी तुकडे पाडा. यात तीन विधानं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटेने मनात शिरलीत.

मग प्रत्येक तुकड्याला पतंजलींनी सांगितलेल्या पाच वृत्तींपैकी, म्हणजे मनाच्या हालचालींपैकी, एकीचं नाव द्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं सहावं सूत्र म्हणजे ही यादी. दिवसभर फोनमधून दुसऱ्यांची वाक्यं आपल्या डोक्यात ओतली जातात अशा काळात मला ती फार मोलाची वाटते. विचार चांगला की वाईट, यात ती शिरतच नाही; तो कशाच्या आधारावर उभा आहे ते बघायला लावते.

प्रमाण म्हणजे आधार असलेलं, खरं ज्ञान. ते तीन तऱ्हेचं. नदीवरच्या झेड ब्रिजवर जाऊन पाणी डोळ्यांनी पाहिलं, ते प्रत्यक्ष. घाटात दिवसभर धो धो पाऊस आहे, धरण भरत आलंय, म्हणजे पाणी सोडतील, हे अनुमान. किती क्युसेक पाणी सोडलं ते पाटबंधारे खात्याने जाहीर केलं, तो आगम, म्हणजे जाणकाराच्या तोंडून कळलेलं. आपली बहुतेक गफलत या आगमातच होते. विश्वासाच्या माणसाने सांगितलं की झालं, असं आपण धरून चालतो. आत्याने पाठवलंय म्हणजे खरंच असणार. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मात्र अट कडक आहे. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा अनुमानाने जाणलेली हवी, नाहीतर तो आगम टिकत नाही. आत्या शंभर टक्के विश्वासाची आहे, पण ती राहते कोथरूडला आणि पूल तिने पाहिलेला नाही. म्हणून आलेल्या निरोपापुढे मी ‘कोणी पाहिलं?’ एवढंच लिहिते. उत्तर मिळेपर्यंत त्याला प्रमाण मानत नाही.

विपर्यय म्हणजे आहे एक आणि समजलो भलतंच. जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, तो हाच प्रकार. डेक्कनजवळच्या नदीचं चित्रण आलं तर आधी पात्राच्या कडेचे मेट्रोचे खांब शोधा. ते दिसायला हवेत त्या बाजूला मोकळं आभाळ असेल, तर ते पाणी आजचं नाही.

विकल्प ओळखणं सगळ्यात अवघड. शब्द आहेत, वाक्य व्याकरणात चोख बसतं, पण त्याच्यामागे वस्तूच नाही. ‘पुणं आता संपलं’, ‘आजची पिढी वाया गेली’, ‘सगळे पुढे गेले, मीच मागे राहिले’. यातल्या कशावर बोट ठेवता येतं? कोणती पिढी, त्यातलं कोण, कुठे वाया गेलं? असे प्रश्न वहीत लिहायला घ्या. नाव, जागा, तारीख काहीच लिहिता आलं नाही, तर त्या वाक्याभोवती गोल करा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त गोलच आहेत, आणि मला वाटतं आपल्या आजच्या बोलण्या-भांडण्यातला फार मोठा भाग या गोलांमध्येच बसेल. ‘आता पाणी घरात शिरणार’ यालाही मी गोल करते.

स्मृतीशी मात्र जपून वागा. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा सासूबाई शाळेत होत्या. विसर्गाची बातमी ऐकली की आजही त्या म्हणतात, “अगं, आधी कागदपत्रं माळ्यावर ठेव.” ही भीती खोटी नाही, ती खऱ्या पाण्याची आहे, फक्त ते पाणी आजचं नाही. पतंजली प्रत्येक वृत्तीला क्लिष्ट (क्लेश देणारी) की अक्लिष्ट (क्लेश न देणारी) असंही विचारतात. म्हणून स्मृतीपुढे तेही लिहा. रात्रभर जागवते ती क्लिष्ट. कागदपत्रं माळ्यावर चढवून त्या शांत झोपल्या, तर तीच अक्लिष्ट.

निद्रेला वहीत फारशी जागा लागत नाही. एक मात्र पाळा: झोपेला आल्यावर सुचलेलं काही तपासायला बसू नका, सकाळवर सोपवा.

घरच्यांना हे विचारायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. चारचौघांत ‘तू पाहिलंस का?’ म्हटलं की आरोप केल्यासारखं होतं, माणूस दुखावतो. मी आत्याला फोनच लावते. पुलाचं तिला माहीत नसतं, पण तिच्या गॅलरीतून दिसणारा पाऊस किती आहे ते ती नीट सांगते. तेवढं मी प्रमाणाखाली लिहून घेते.